मूत्रपरीक्षेचा नवा प्रकाश आणि रसौषधी

मूत्रपरीक्षा आयुर्वेदास नवीन नाही. चरकाचार्यांनी प्रमेहाच्या पूर्वरूपांत मूत्राकडे मुंग्या धावण्याचा उल्लेख केला आहे; योगरत्नाकरात तैलबिंदू कसा पसरतो यावरून साध्यासाध्यता वर्तविली आहे. आता रसायनशास्त्र हे काम प्रकाशाकडून करवून घेऊ पाहत आहे. युरोपियम, टर्बियम या धातूंची काही संयुगे, तसेच कार्बनचे अतिसूक्ष्म कण अतिनील किरणांत चमकतात. मूत्रातील विशिष्ट द्रव्याशी संयोग होताच ही चमक वाढते, मंदावते वा रंग पालटते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही अशा संवेदकांवर संशोधन झाले आहे.

व्यवसायबंधूंनी हे कौतुकाने वाचून पान उलटू नये. २००४ मध्ये बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे प्रसिद्ध झाले. भस्मांनी मूत्रपिंडे बिघडतात, हा आक्षेप आजही ऐकावा लागतो. शोधन-मारणाचे ग्रंथोक्त दाखले आम्ही देतो आणि ते योग्यच आहेत. परंतु विचारणाऱ्यास रुग्णाच्या मूत्रपिंडाचा पुरावा हवा असतो. रक्तातील क्रिएटिनिन बहुधा निम्मे कार्य गमावल्यावरच वाढू लागते. मूत्रातील अल्ब्युमिन किंवा किम-१ हे प्रथिन त्याआधी सूचना देऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये प्राण्यांवरील औषधचाचण्यांसाठी असे सात मूत्रनिर्देशक मान्य केले.

आपल्या जिल्ह्यात तर हा प्रश्न अधिकच नाजूक आहे. मधुमेही रुग्ण, किंवा पाथर्डीकडून ऊसतोडीस जाऊन भर उन्हात राबणारा मजूर, यांच्या मूत्रपिंडांवर औषध सुरू होण्यापूर्वीच ताण असू शकतो. पुढे बिघाड दिसला तर दोष रसौषधीच्या माथी येणार, आणि पूर्वस्थितीची नोंद नसल्यास आम्हांस उत्तर कोठून सुचणार?

दीप्तिमान पट्ट्या बाजारात येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. मूत्रातील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर आजही प्रयोगशाळेत तपासून मिळते. एका ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी अल्ब्युमिन प्राकृत मानतात. दीर्घकाळ रसौषधी द्यावयाची असल्यास आरंभी व नंतर दर तीन महिन्यांनी ही तपासणी करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. आकडा वाढल्यास औषध थांबवावे. तेथे अभिमान आड येऊ देऊ नये.

पट्ट्या येतील तेव्हा एक सावधगिरी बाळगावी लागेल. रायबोफ्लेविन मूत्रात स्वतःच हिरवट-पिवळे चमकते. तेव्हा रुग्णाच्या चालू औषधांची यादी नमुन्यासोबत पाठवावी. औषधालयचालकांनी २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखालील परवाना पाहूनच त्या विक्रीस ठेवाव्यात. तूर्त त्यांनी प्रत्येक रसौषधीचा बॅच क्रमांक बिलावर लिहिण्यास आरंभ केला, तरी पुष्कळ झाले.