विश्लेषण : महापेच्या प्रयोगशाळेतील रेणू औषध का होत नाहीत?

नवी मुंबईतील महापे एमआयडीसीत ग्लेनमार्क फार्माचे संशोधन केंद्र आहे. याच समूहाच्या ‘आयजीआय’ कंपनीने १० जुलै २०२५ रोजी ‘आयएसबी २००१’ या प्रायोगिक कर्करोग औषधाचे हक्क अमेरिकेच्या ॲबव्ही कंपनीला देण्याचा करार जाहीर केला. सुरुवातीला ७० कोटी डॉलर आणि पुढचे टप्पे पार झाल्यास आणखी १२२.५ कोटी डॉलर, असा हा व्यवहार आहे. त्याआधी मात्र समूहाने अनेक अपयशे पचवली.

नव्या औषधाचा शोध म्हणजे काय?

आजाराशी संबंधित एखादे प्रथिन निवडले जाते. त्याच्या खाचेत बसणारा रेणू रसायनशास्त्रज्ञ तयार करतात, त्यातील एखादा भाग बदलतात आणि पुन्हा तपासतात. रेणू नीट बसला तरी तो शरीरात विरघळायला हवा, यकृताने लगेच मोडता कामा नये आणि हृदयाला अपाय व्हायला नको. एक दोष काढताना दुसरा उद्भवतो. मानवी चाचण्यांपर्यंत पोहोचलेल्या दहा रेणूंपैकी जेमतेम एक मंजूर होतो.

भारतीय कंपन्या याकडे का वळल्या?

१९७० च्या कायद्यानुसार औषधाच्या रेणूला नव्हे, फक्त तो बनवण्याच्या प्रक्रियेला पेटंट मिळत असे. त्यामुळे तेच औषध वेगळ्या मार्गाने स्वस्तात बनवण्यात आपले रसायनशास्त्रज्ञ तरबेज झाले. १ जानेवारी २००५ पासून रेणूलाही पेटंट लागू झाले. स्वतःचा रेणू शोधण्याची निकड त्यातून वाढली.

महापेच्या रेणूंचे काय झाले?

ग्लेनमार्कच्या रेणूंची नावे ‘जीआरसी’ने सुरू होतात. श्वसनविकारांवरील ‘जीआरसी ३८८६’ २००४ मध्ये अमेरिकेच्या फॉरेस्ट कंपनीला दिला गेला. २००९ मध्ये तो दुसऱ्या टप्प्यात अपयशी ठरला. वेदनाशामक ‘जीआरसी ६२११’ २००७ मध्ये एली लिलीकडे गेला. पुढच्याच वर्षी त्याची चाचणी थांबली. मिरचीचा झणका आणि उष्णता ज्या ग्राहीमुळे जाणवते, तोच हा रेणू रोखत होता. या गटातील इतर कंपन्यांच्या काही रेणूंमुळे रुग्णांचे तापमान वाढल्याचे आढळले आहे.

रेणू मध्येच का विकतात?

शेवटच्या टप्प्यातील चाचण्यांचा खर्च मध्यम आकाराच्या कंपनीला झेपत नाही. परदेशी भागीदार पैसा देतो, पण त्याने माघार घेतली की रेणूही बहुधा थांबतो.

आताचे यश महापेचे आहे का?

थेट नाही. ‘आयएसबी २००१’ हा रसायनशास्त्रज्ञांनी घडवलेला लहान रेणू नसून प्रतिपिंड आहे. त्याचे मूळ संशोधन समूहाच्या स्वित्झर्लंडमधील प्रयोगशाळेत झाले. रक्ताच्या मल्टिपल मायलोमा या कर्करोगावर ते वापरले जाईल. पहिल्या टप्प्यात सुमारे ७९ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला. मात्र रुग्णसंख्या लहान होती आणि मोठ्या चाचण्या बाकी आहेत.

भारतीय रुग्णांना काय मिळेल?

उत्तर अमेरिका, युरोप, जपान आणि चीनचे हक्क ॲबव्हीकडे गेले. भारतासह उदयोन्मुख देशांचे ग्लेनमार्ककडे राहिले. त्यामुळे औषध मंजूर झाल्यास येथील किंमत भारतीय कंपनी ठरवेल. आलेल्या पैशातील किती वाटा लहान रेणूंच्या संशोधनात जाईल, यावर महापेसारख्या प्रयोगशाळांची पुढची वाटचाल अवलंबून आहे.