गिअरबॉक्स उतरवायची घाई

दादाचा ऑटोमॅटिक पिकअप मोहाडीच्या अंगणात महिनोन्‌महिने उभा असतो. परवा सुरू करून 'डी'त टाकला, तर पाच सेकंद ढिम्म! मग झटका देऊन निघाला. मेकॅनिक म्हणे, गिअरबॉक्स उतरवा. खर्च ऐकून दादा गाडी विकायलाच निघाला.

मला नाही पटलं. फुटव्हॉल्व्ह गळलं की विहिरीवरची मोटर पाणी भरल्याशिवाय ओढत नाही ना? तसंच उभ्या गाडीच्या टॉर्क कन्व्हर्टरमधलं तेल खाली उतरतं. तेलाची पातळी बरोबर होती, आणि दुसऱ्यांदा गिअर लगेच लागला! दरवेळी उशीर झाला असता तर सील, क्लचवर संशय घेतला असता.

आता ब्रेक दाबून मिनिटभर न्यूट्रलमध्ये थांबतो. दादा, दिवाळीत तुमसरपर्यंत तरी चालव रे!