पालकाला तुरुंग, कंत्राटदाराला दंड!

रायगड जिल्ह्यातील माणगाव हे मुंबई-गोवा महामार्गावरील बाजारपेठेचे गाव. या महामार्गाचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले. एक तप उलटले तरी, २०२३ मध्येही ते अपूर्णच होते. त्याच वर्षी १९ जानेवारीच्या पहाटे तालुक्यातील रेपोलीजवळ ट्रक व मोटारीची समोरासमोर धडक होऊन नऊ जण जागीच गतप्राण झाले.

अशा प्रत्येक घटनेनंतर ‘चालकाचा ताबा सुटला’ हे ठरावीक वाक्य लिहिले जाते आणि प्रकरणावर पडदा पडतो. चालक निर्दोष असतो, असे मुळीच नव्हे. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. बेशिस्तीचे हे पाप समाजाचेच आहे. परंतु मनुष्य चुकणार, हे गृहीत धरूनच रस्ता बांधायचा असतो. मधोमध दुभाजक असेल, तर समोरासमोरची धडक क्वचितच होते.

कायदा मात्र काय सांगतो? मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. ते योग्यच. पण विहित मानके धाब्यावर बसवून बांधलेल्या रस्त्याने बळी घेतला, तर यंत्रणेला वा कंत्राटदाराला कमाल शिक्षा एक लाख रुपये दंडाची! हा कुठला न्याय? प्रत्येक अपघाती मृत्यूनंतर चालकाबरोबर रस्त्याचीही चौकशी व्हावी, असा आग्रह गावोगावच्या जागरूक नागरिकांनीच धरला पाहिजे.