राख शेतात नको, भट्टीत जावी



मागच्या पंधरवड्यात लागणीच्या नोंदी घेत आम्ही महाळुंगे भागात फिरत होतो. एका सभासदाच्या बांधावर काळपट राखेचे दोन ढीग दिसले. विचारले तर म्हणाले, "साहेब, ट्रॉलीवाल्याने फुकट टाकली. आपल्या कारखान्याची राख टाकतोच की आपण, तशीच ही." ढिगात जळकी तार होती, काचेचे तुकडे होते, पत्र्याचा चुरा होता. राख कुठली, ते त्यांनाही ठाऊक नव्हते. पसरू नका, एवढे आम्ही तिथेच सांगितले. का, ते इथे सांगतो.

राखे-राखेत फरक असतो. आपल्या बॉयलरात बगॅस जळते. शंभर टन उसामागे अठ्ठावीस-तीस टन बगॅस निघते, आणि तिची राख म्हणजे मुख्यत्वे उसानेच जमिनीतून उचललेली सिलिका, थोडे पालाश, थोडे स्फुरद. नत्र जळून जाते, तेव्हा तिच्या भरवशावर युरिया बंद करू नये. कचऱ्याच्या राखेचे तसे नाही. रंग, बॅटऱ्या, प्लॅस्टिक जळाले तरी त्यातले शिसे, जस्त, कॅडमियम नाहीसे होत नाही. कचरा आटतो आणि उरलेल्या राखेत धातूंचे प्रमाण उलट वाढते. धुराड्याच्या गाळणीत अडकणारी बारीक राख तर सर्वांत वाईट. तिच्यातले क्षार पहिल्याच पावसात विरघळून विहिरीकडे निघतात. एकदा जमिनीत गेलेले शिसे नांगरून निघत नाही.

ही राख आता वाढणारच आहे. पिंपरी-चिंचवड महापालिकेचा मोशीचा कचऱ्यापासून वीज करणारा प्रकल्प १ ऑगस्ट २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाला. रोजची क्षमता ७०० टन कचऱ्याची, वीज १४ मेगावॉट. कचरा जाळणे वाईट, असे आमचे म्हणणे नाही. डोंगर साठण्यापेक्षा बरेच. पण मिश्र कचरा जाळला की वजनाच्या साधारण पाचवा ते चौथा हिस्सा राख उरते. तिचे पुढे काय करायचे, हे आधीच ठरलेले बरे.

जपानने हे काम फार पूर्वी हाती घेतले. तिथे राख १३०० अंशांच्या वर वितळवतात. त्या उष्णतेत डायऑक्सिनसारखे विष मोडते, आणि रस पाण्यात सोडला की काचेसारखी खडी होते. धातू त्या काचेत बांधले जातात. जे उडून जातात ते धुरातून पुन्हा पकडावे लागतात. २००६ साली त्या देशाने अशा खडीची मानके ठरवली आणि ती रस्त्यात, काँक्रीटच्या मालात वापरात आली. तीच काच ठराविक आचेवर पुन्हा तापवली तर तिच्यात स्फटिक वाढतात व दगडासारखी टणक फरशी होते. सोव्हिएत रशियात १९६० च्या दशकात झोतभट्टीच्या मळीपासून (आपली मळी नव्हे, लोखंडाची!) अशा फरशा होत असत.

खर्च मात्र मोठा. वीज इतकी लागते, की जपानमध्येही पुढे अनेक भट्ट्या बंद झाल्या. म्हणून काही जण म्हणतात, हे आपल्याला परवडायचे नाही. आमचे मत असे, की हा खर्च कचरा करणाऱ्यांच्या हिशेबात धरावा. आज फुकटच्या ट्रॉलीने तो आपल्या शेतावर टाकला जातो, एवढाच काय तो स्वस्तपणा.

काच आपल्या मुलखाला नवी नाही. महाळुंग्याहून जो रस्ता तळेगावला जातो, त्या तळेगावात १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून पैसा-पैसा जमवून तो फंड उभा केला होता. शेअरच्या रकमेतून साखर कारखाना उभारणाऱ्यांना त्यात नवल वाटू नये.

आपल्या स्वतःच्या राखेतही काच-सिरॅमिकला लागणारी सिलिका भरपूर आहे, आणि आपण तिने खड्डे बुजवतो. तिचे नमुने मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटला व कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेला दाखवावेत, अशी आमची संचालक मंडळास विनंती आहे. विटा, फरशा यांपैकी काय जमते, ते तपासणीनंतर कळेल.

तोवर कोणी फुकट राख घेऊन आला तर कुठून आणली ते लेखी मागावे आणि ट्रॉली रिकामी होण्याआधी गट कार्यालयात कळवावे. त्या सभासदाचे दोन्ही ढीग ताडपत्रीखाली झाकून ठेवले आहेत. ट्रॉलीवाला अजून फिरकलेला नाही.