म्हातारपणाचा बांध

राळेगणसिद्धीची गोष्ट आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. पारनेर तालुक्यातले हे दुष्काळी गाव. १९७५ साली लष्करातून निवृत्त होऊन अण्णा हजारे परतले, यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार झाला आणि मग श्रमदान, नालाबांध, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी. पळून जाणारे पाणी गावाने अडवले, तशी पोटासाठी बाहेर पडणारी माणसेही थांबली. या गोष्टीकडे आज मला वेगळ्याच कारणासाठी वळावेसे वाटते. ते कारण म्हणजे आपले म्हातारपण.

१९३७ साली जन्मलेले अण्णा अविवाहित आहेत. त्यांच्या आंदोलनांविषयी मतभेद असतील, ते येथे बाजूला ठेवू. मुलगा हीच म्हातारपणाची काठी असे आपण मानतो. ती काठी नसतानाही हा माणूस मंदिरातल्या खोलीत राहून आपल्या गावात म्हातारा झाला. त्यांच्यापाशी तीन गोष्टी होत्या: डोक्यावर छप्पर, लष्कराचे निवृत्तिवेतन आणि हाकेच्या अंतरावर माणसे.

प्रसिद्ध माणसाभोवती माणसे असायचीच, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. म्हणूनच याच तालुक्यातल्या एखाद्या सामान्य आजीचा विचार करावा लागतो. घर आहे, पण ते तिच्या नावावर नाही. जन्मभर शेतात राबली, पण निवृत्तिवेतन नाही. मुलगा सुप्याच्या किंवा रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत, नाहीतर पुण्यात. तो वाईट नाही. पगार जिथे, तिथे त्याला राहावे लागते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठीपुढची माणसे १० कोटींहून अधिक होती आणि त्यांतली दर १० पैकी ७ खेड्यांत होती. तेव्हा वृद्धांचा प्रश्न शहरातल्या बंद सदनिकांपुरता आहे, हा समज सोडलेला बरा.

आधी छप्पर. पतीच्या हयातीतच घर आणि जमिनीच्या कागदांवर पत्नीचे नाव लागले, तर पुढे तिला कोणाच्या मेहेरबानीवर राहावे लागत नाही. अनेक घरांत प्रेमापोटी सारे काही मुलांच्या नावे करून आईवडील मोकळे होतात. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याचे कलम २३ अशांनी समजून घ्यावे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतर रद्द ठरवू शकते. मात्र ही अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहिलेली बरी. असे लिहिणे म्हणजे मुलांवर अविश्वास नव्हे. भावाभावांत प्रेम असले तरी आपण बांध घालतोच की.

मग पैसा. ६५ वर्षांनंतर गरजू वृद्धांना श्रावणबाळ योजनेतून २०२३ पासून दरमहा १५०० रुपये ठरले. त्यात औषधपाणी आणि किराणा दोन्ही भागवणे कठीणच. २०१५ ची अटल पेन्शन योजना साठीनंतर दरमहा १००० ते ५००० रुपये देते, पण तीत शिरायला वय १८ ते ४० लागते आणि प्राप्तिकर भरणाऱ्यांना आता तीत नव्याने प्रवेश नाही. म्हणजे म्हातारपणाची तरतूद चाळिशीच्या आत करायची असते, नेमकी ज्या वयात आपण मुलांच्या फीचा आणि घराच्या हप्त्याचाच विचार करतो. तहान लागल्यावर विहीर खणायची आपली सवय येथे फार महाग पडते.

तिसरी गोष्ट माणसांची, आणि ती सर्वांत अवघड. रात्री छातीत कळ आली तर आजीने हाक कोणाला मारायची? २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान भारतमधून ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. पण ते कार्ड काढायला आणि वेळ आल्यावर रुग्णालयापर्यंत न्यायला माणूस लागतोच. जपानने २००० साली वृद्धांच्या शुश्रूषेसाठी सक्तीचा विमा आणला. तेवढा पैसा आपल्यापाशी नाही. केरळने दुसरी वाट धरली. मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत शेजारीपाजारीच प्रशिक्षण घेऊन अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊ लागले आणि २००८ मध्ये सरकारने त्यासाठी धोरणही केले.

ही वाट आपल्याला परकी नाही. राळेगणने धान्य बँक चालवली. ज्याच्याकडे जास्त, त्याने ठेवायचे. ज्याला अडचण, त्याने न्यायचे आणि पुढच्या हंगामात थोडे अधिक घालून फेडायचे. धान्याच्या जागी वेळ ठेवून पाहा. पन्नाशीतल्या धडधाकट माणसाने आठवड्याचे दोन तास गावातल्या एका वृद्धासाठी द्यायचे: औषध आणायचे, बँकेत सोबत जायचे, रोज एकदा दारात डोकावायचे. ग्रामपंचायतीने त्याची वही ठेवायची. आज दिलेले तास उद्या त्यालाच परत मिळतील.

नालाबांध कोणी एकट्याने घातले नाहीत, आणि पाऊस सुरू झाल्यावर तर मुळीच नाही. येत्या ग्रामसभेत, आणि शहरात असाल तर सोसायटीच्या बैठकीत, एवढाच एक विषय मांडा: आपल्याकडे एकटे राहणारे वृद्ध किती, आणि त्यांच्याकडे रोज कोण जाते? यादी करायला एक संध्याकाळ पुरेल. पुढच्या वीस वर्षांत त्या यादीत आपलेही नाव यायचे आहे.