रामबाण औषधे आणि आपले वाचन

छापलेला शब्द खोटा नसतो, अशी आपल्याकडील साध्या माणसांची जुनी श्रद्धा आहे. ज्याला लिहिता-वाचता येत नाही तो लिहिणाऱ्यावर विश्वास ठेवतो, आणि ज्याला नुकतेच वाचता येऊ लागले आहे तो छापणाऱ्यावर. या श्रद्धेत वाईट असे काही नाही. विद्येविषयीचा आदरच तिच्या मुळाशी असतो. परंतु या आदराचा व्यापार करणारे लोक सर्व काळी आणि सर्व देशी असतात, हे आपण विसरतो. ते विसरल्याचे मोल किती पडते, याचा एक अनुभव आमच्या पदरी नुकताच आला. म्हणूनच हा लेखप्रपंच.

गेल्या वर्षी आमच्या आठवीच्या वर्गातील एक विद्यार्थी दहा-बारा दिवस शाळेत आला नाही. मुलगा हुशार, वाचन तर इतके शुद्ध की, वर्गात नवा धडा प्रथम वाचण्याचा मान बहुधा त्यालाच मिळे. चौकशी केली तेव्हा कळले की, त्याची आजी रुग्णालयात होती. आजींना बरीच वर्षे मधुमेह. घरातील मोबाईलवर एका औषधाची मराठी जाहिरात आली होती : ‘तीन महिन्यांत मधुमेह मुळासकट नाहीसा.’ आजींना मराठी वाचता येत नाही. नातवाने ती जाहिरात खणखणीत आवाजात वाचून दाखविली, कठीण शब्दांचा अर्थ कोकणीत समजावून सांगितला, आणि आजींनी डॉक्टरांच्या गोळ्या बंद करून ते चूर्ण सुरू केले. पायाला झालेली लहानशी जखम चिघळली आणि अखेर दोन बोटे काढावी लागली. मुलगा शाळेत आला तेव्हा खाली मान घालून आम्हाला एवढेच म्हणाला, “सर, मी एकही शब्द चुकीचा वाचला नव्हता.”

ते वाक्य आमच्या मनातून जात नाही. त्याने वाचले होते अगदी बरोबर, आणि वाचायला त्याला आम्हीच शिकविले होते. मग चुकले कोठे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला एकोणिसाव्या शतकातील इंग्लंड व अमेरिका या दोन देशांच्या इतिहासाकडे वळावेसे वाटले. कारण छापील शब्दाने रोग्याला फसविण्याची विद्या प्रथम भरभराटीस आली ती तेथेच, आणि तीही अज्ञानी लोकांत नव्हे, तर वाचू लागलेल्या लोकांत!

त्या काळी बाजारात मिळणाऱ्या तयार औषधांना ‘पेटंट औषधे’ म्हणत. नाव राजाच्या सनदेवरून आलेले. परंतु गंमत अशी की, यांपैकी बहुतेक औषधांना पेटंट मुळी नव्हतेच. पेटंट घ्यायचे तर औषधात काय आहे ते उघड करावे लागते, आणि तेच तर झाकायचे होते! म्हणून नाव, बाटली व चिठ्ठी यांचा हक्क राखावयाचा आणि आतील द्रव्य गुप्त ठेवायचे, अशी रीत पडली. इंग्लंडात १८५३ साली जाहिरातींवरील कर उठला, १८५५ साली वृत्तपत्रांवरील मुद्रांक-कर उठला, १८७० च्या कायद्याने गावोगाव प्राथमिक शाळा निघू लागल्या. वृत्तपत्र स्वस्त झाले आणि वाचक वाढला. या नव्या वाचकाच्या दारी पहिल्या पाहुण्यांत औषधविक्याही हजर होता.

टॉमस हॉलोवे या गृहस्थाने १८३७ साली लंडनमध्ये मलम विकण्यास प्रारंभ केला आणि पुढे त्याला गोळ्यांची जोड दिली. आयुष्याच्या अखेरीस, म्हणजे १८८३ च्या सुमारास, तो केवळ जाहिरातींवर वर्षाला सुमारे ५०,००० पौंड खर्च करीत असे. त्याच्या जाहिराती आपल्या देशातील वृत्तपत्रांपर्यंतही पोहोचल्या होत्या. त्याच्या पैशातून लंडनजवळ स्त्रियांसाठी एक मोठे कॉलेज उभे राहिले आणि १८८६ साली खुद्द व्हिक्टोरिया राणीने त्याचे उद्घाटन केले. गोळ्यांतून कॉलेज उभे राहिले ही गोष्ट चांगलीच. पण ज्यांच्या खिशातून ते उभे राहिले त्यांचे रोग बरे झाले काय, हे कोणी विचारले नाही. बीचम यांच्या गोळ्यांचे असेच. ‘एका डबीचे मोल एक गिनी,’ अशी त्यांची घोषणा घरोघरी ठाऊक होती. ब्रिटिश वैद्यक संघाने १९०९ साली गुप्त औषधांचे पृथक्करण करून एक पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा दिसून आले की, या गोळ्यांत कोरफडीचा सुका रस, सुंठ आणि साबण एवढेच आहे. डबी विकली जाई एक शिलिंग दीड पेनीला. आतील द्रव्याची किंमत अर्धा फार्दिंग, म्हणजे विक्रीच्या किमतीचा शंभरावा हिस्सादेखील नव्हे! गोळीने पोट साफ होई हे खरे. पण पोट साफ होणे वेगळे आणि नाना रोग बरे होणे वेगळे.

साबण आणि सुंठ यांनी निदान जीव तरी जात नव्हता. अमेरिकेत ‘मिसेस विन्स्लो यांचे शामक सरबत’ १८४९ पासून विकले जात होते. दात येताना रडणाऱ्या तान्ह्या मुलाला ते पाजावे, मूल शांत झोपी जाईल, अशी जाहिरात असे. जाहिरातीवर प्रसन्न मुद्रेची आई आणि गोजिरवाणे बाळ. मूल झोपी जात असे, हेही खरे. कारण त्या सरबतात मॉर्फीन होते, म्हणजे अफूचाच अर्क! काही मुले त्या झोपेतून पुन्हा जागी झाली नाहीत. मूल शांत झोपी जाईल, हे जाहिरातीतील वचन खोटे होते असे म्हणता येणार नाही. खोटेपणा होता तो न छापलेल्या शब्दात.

टेक्सासमधील विल्यम रॅडम हा धंद्याने माळी. पाश्चर व कॉख यांनी रोगजंतूंचा शोध लावल्याची वार्ता त्या वेळी नवी होती. तिचा लाभ उठवून रॅडमने १८८६ च्या सुमारास ‘जंतुनाशक’ नावाचे पेय काढले. सर्व रोग जंतूंमुळे होतात, आणि हे पेय सर्व जंतू मारते. तेव्हा हे सर्व रोगांवर औषध, असा त्याचा तर्क. तपासणी केली तेव्हा ते जवळजवळ सारे पाणीच निघाले. त्यात थोडे तीव्र आम्ल आणि रंगापुरती तांबडी दारू. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, शास्त्राचा नवा शब्द बाजारात येण्यास वेळ लागत नाही. शास्त्राची शिस्त मात्र तेथे कधीच येत नाही. आजच्या जाहिरातींत ‘अणू’, ‘पेशी’, ‘प्रतिकारशक्ती’ हे शब्द कसे पेरलेले असतात ते पाहावे, म्हणजे रॅडमचे वंशज कोठे आहेत ते कळेल.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. तेव्हाचे लोक मूर्ख होते काय? आमच्या मते मुळीच नाही. त्या काळचे वैद्यक रक्त काढी, पाऱ्याची औषधे देई आणि वर भरमसाट पैसे घेई. स्त्रियांची दुखणी ऐकून घेण्यास तर कोणास सवडच नसे. मॅसॅच्युसेट्समधील लिडिया पिंकहॅम या बाईने, घरावर आर्थिक संकट कोसळल्यावर, १८७५ पासून स्वयंपाकघरात कढवलेला वनस्पतींचा काढा विकण्यास प्रारंभ केला आणि स्त्रियांना सांगितले, “तुमचे दुखणे मला पत्राने कळवा.” पत्रांचा पूर लोटला. आपले म्हणणे कोणी तरी ऐकते आहे, याचाच रोग्याला निम्मा आधार असतो. परंतु त्या काढ्यात सुमारे अठरा टक्के मद्यार्क होता. आणि बाई १८८३ साली वारल्यावरही ‘श्रीमती पिंकहॅम यांना पत्र लिहा’ ही जाहिरात तशीच चालू राहिली. १९०५ साली ‘लेडीज होम जर्नल’ या मासिकाने बाईंच्या थडग्याच्या दगडाचे छायाचित्रच छापले, तेव्हा वाचकांना कळले की आपण आपली गुपिते बावीस वर्षे एका मृत स्त्रीला सांगत होतो! खरी गरज, खरा विश्वास आणि त्यावर उभारलेला खोटा व्यापार असे हे तिहेरी मिश्रण आहे. त्यामुळेच ते ओळखणे कठीण जाते.

आणि प्रशस्तिपत्रे? ‘मला अमुक औषधाने गुण आला’ अशी शेकडो पत्रे छापली जात. त्यांतील कित्येक प्रामाणिकही असतील. पुष्कळ दुखणी काही न करताही बरी होतात. मद्याने व अफूने तात्पुरते बरे वाटते. शेवटी जे औषध घेतले असेल त्याला यश मिळते. आणि ज्यांना गुण आला नाही ते पत्र लिहीत नाहीत. जे मेले ते तर लिहूच शकत नाहीत. प्रशस्तिपत्रांच्या ढिगात सत्य शोधणे म्हणजे केवळ किनाऱ्यास लागलेल्यांना विचारून समुद्र सुरक्षित आहे असे ठरविणे होय.

मग वृत्तपत्रे गप्प का बसली? याचे उत्तर लाजिरवाणे आहे. औषधांच्या जाहिराती हे त्यांच्या उत्पन्नाचे मोठे साधन होते. औषधवाल्यांनी करारात एक कलम घालण्यास प्रारंभ केला : ज्या राज्यात आमच्या धंद्याविरुद्ध कायदा होईल तेथील वृत्तपत्रांचा करार रद्द समजावा. हे कलम बहुधा लाल शाईने छापलेले असे, म्हणून त्याला ‘लाल कलम’ हे नाव पडले. संपादकाची लेखणी विकत घ्यावी लागत नव्हती. तिचे मौन विकत घेतले की पुरे होई. १९०५ साली ‘कॉलियर्स’ या साप्ताहिकाने हे कलम उघडकीस आणले आणि सॅम्युअल हॉपकिन्स ॲडम्स या लेखकाची ‘अमेरिकेची महान फसवणूक’ या नावाची लेखमाला छापली. पुढच्याच वर्षी, ३० जून १९०६ रोजी, अमेरिकेत शुद्ध अन्न व औषध कायदा झाला. त्या कायद्याने औषधांवर बंदी घातली नाही. मद्यार्क, अफू, मॉर्फीन, कोकेन असले पदार्थ असतील तर ते बाटलीवर लिहा, एवढेच सांगितले. तेवढ्यानेच अनेक बाटल्यांची मोहिनी उतरली. आईने ‘मॉर्फीन’ हा शब्द वाचला आणि चमचा खाली ठेवला.

परंतु लढाई तेथे संपली नाही. ‘कर्करोग बरा होतो’ असा खोटा दावा करणे या कायद्यात बसत नाही, असा निकाल १९११ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि १९१२ साली कायदा दुरुस्त करावा लागला. ब्रिटनमध्ये पार्लमेंटच्या समितीचा अहवाल बाहेर पडला तो ४ ऑगस्ट १९१४ रोजी, नेमका महायुद्धात उडी घेण्याच्या दिवशी! तो बासनात पडून राहिला आणि औषधातील द्रव्ये जाहीर करण्याची सक्ती तेथे १९४१ साली झाली. आपल्या देशानेही १९५४ साली चमत्कारी औषधांच्या जाहिरातींविरुद्ध कायदा केला. ज्या रोगांच्या उपचाराची जाहिरात करण्यास त्याने मनाई आहे त्यांच्या यादीत मधुमेहाचे नाव स्पष्ट आहे. तरीही ती जाहिरात आमच्या विद्यार्थ्याच्या हाती पोहोचलीच. कायदा कुंपणासारखा आहे. त्याच्या आत पिकाची राखण मात्र ज्याची त्यानेच करावयाची असते.

ती राखण करण्यास शाळेने शिकविले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. कविता व निबंध यांच्या जोडीला वर्षातून एकदा तरी एखादी जाहिरात वर्गात वाचावी. तिच्यात काय लिहिले आहे हे विचारावे आणि त्याहून अधिक, काय लिहिलेले नाही हे विचारावे. यात काय घातले आहे? बरे झाले असे कोण म्हणतो? त्याला ते कसे कळले? कोणाला गुण आला नाही? हे सांगण्यात कोणाचा लाभ आहे? एवढे पाच प्रश्न ज्याच्या ओठावर राहतील त्याचे वाचन पुरे झाले, असे आम्ही समजू.

दुसऱ्याला सांगण्यापूर्वी स्वतःच्या दारापासून सुरुवात करावी, हे बरे. या वार्षिकाचा खर्च गावातील व्यापाऱ्यांच्या जाहिरातींवर चालतो, हे वाचकांस ठाऊक आहेच. यंदा सांधेदुखी कायमची घालविणाऱ्या एका तेलाची पानभर जाहिरात आली होती, आणि पैसाही चांगला मिळणार होता. एका सहकाऱ्यांनी विचारले, “मुलांच्या कविता छापायला पैसे मग कोठून आणायचे?” प्रश्न अगदी रास्त होता, आणि आमच्याजवळ त्याचे सोपे उत्तर नव्हते. तरी जाहिरात परत करावी असे आम्ही सुचविले, आणि चर्चेनंतर मंडळाने ते मान्य केले. त्यामुळे हा अंक चार पानांनी लहान झाला आहे. ज्यांच्या कविता राहून गेल्या त्यांची आम्ही क्षमा मागतो. पुढील अंकी त्यांना प्रथम स्थान मिळेल.

विद्यार्थी मित्रहो, सुट्टीत हे वार्षिक तुम्ही घरी न्याल आणि आजी-आजोबांना वाचून दाखवाल. ज्यांना स्वतः वाचता येत नाही ते तुमच्या आवाजावर विश्वास ठेवतात, छापखान्यावर नव्हे. तो विश्वास मोठा आहे. आमच्या त्या विद्यार्थ्याने अलीकडे एक नियम केला आहे. औषधाची कोणतीही जाहिरात वाचून झाली की तो आजींना सांगतो, “हे त्यांनी लिहिलंय. खरं की खोटं, ते आधी डॉक्टरांना विचारू.” त्याचे वाचन आता खरोखरच शुद्ध झाले आहे.