फिगो गद्दार होता का?

२३ नोव्हेंबर २००२. बार्सिलोनाचं कँप नोऊ स्टेडियम, समोर रिआल माद्रिद. पांढऱ्या जर्सीतला दहा नंबरवाला कॉर्नर घ्यायला कोपऱ्यात जातो आणि वरून पावसासारख्या वस्तू पडायला लागतात. नाणी, लायटर, बाटल्या... आणि चक्क डुकराच्या पिल्लाचं मुंडकं! शेवटी रेफरीने दोन्ही टीम्सना आत पाठवलं. पंधरा मिनिटांच्या आसपास खेळ बंद. मॅच ०-० सुटली. तो स्कोअर आज कुणाला आठवत नाही, मुंडकं मात्र सगळ्या जगाला आठवतं.

तो दहा नंबरवाला म्हणजे पोर्तुगालचा विंगर लुईस फिगो. आणि त्याचा गुन्हा काय? त्याने नोकरी बदलली होती!

प्लेसमेंटच्या सीझनमध्ये कंपनीचं नाव नीट ऐकण्याआधी 'बाँड किती वर्षांचा?' असं विचारणाऱ्या आपल्या पब्लिकला यात गुन्हा कुठे आहे हेच कळणार नाही. दोन वर्षं एका ठिकाणी, मग जास्त पॅकेज, मग तिसरीकडे. यालाच आपण करिअर म्हणतो. मग फिगोला 'गद्दार' का म्हणायचं? प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. म्हणून जरा मुळापासून बघू.

फिगोचा जन्म १९७२ चा. लिस्बनच्या समोर, नदीपलीकडच्या आल्मादा भागातल्या कामगार वस्तीत तो वाढला. गल्लीतल्या क्लबातून लहानपणीच स्पोर्टिंग लिस्बनच्या अकादमीत गेला आणि १९८९-९० च्या सीझनमध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, मोठ्या टीमकडून खेळला. १९९१ साली लिस्बनमध्येच ब्राझीलला पेनल्टीवर हरवून पोर्तुगालची पोरं ज्युनिअर वर्ल्ड चँपियन झाली, त्यातही तो होता. १९९५ ला स्पोर्टिंगने पोर्तुगीज कप जिंकला आणि त्याच वर्षी फिगोने क्लब सोडायचं ठरवलं.

इथे पहिली भानगड झाली. भाऊसाहेबांनी इटलीतल्या दोन क्लबांशी बोलणी केली आणि दोघांच्याही कागदावर सही केली, युव्हेंटसच्या आणि पार्माच्याही! परिणाम, दोन वर्षं इटलीत खेळायला बंदी. मग योहान क्रायफच्या बार्सिलोनाने त्याला उचललं. म्हणजे ज्या शहराने पुढे त्याला शिव्या घातल्या, तिथे तो मुळात एका फसलेल्या कागदामुळे पोचला होता. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

बार्सिलोनातली पाच वर्षं म्हणजे मात्र सोनं. १९९७ चा कप विनर्स कप, १९९८ आणि १९९९ ची स्पॅनिश लीग, दोन वेळा स्पॅनिश कप. फिगोचा खेळ डोळे दिपवणारा नव्हता, डोकं असलेला होता. उजव्या बाजूने बॉल घेऊन यायचा, डिफेंडरसमोर जवळजवळ थांबायचा, तो कुठल्या पायावर वजन टाकतो ते बघायचा आणि दुसऱ्या बाजूने निघून जायचा. लीगमध्ये १७२ मॅचेस, ३० गोल. तो टीमचा व्हाइस कॅप्टन झाला. पब्लिकने त्याला आपला मानला. आणि बार्सिलोनात 'आपला' या शब्दाचा अर्थ जरा जास्तच खोल आहे. फ्रँकोच्या हुकूमशाहीत कातालान भाषेची गळचेपी झाली होती. त्या काळात स्वतःची भाषा मोकळेपणाने बोलायची जागा म्हणजे हे स्टेडियम. आणि माद्रिद म्हणजे राजधानी, सत्ता. त्यामुळे या दोन क्लबांमधलं भांडण निव्वळ फुटबॉलचं कधीच नव्हतं.

आता एंट्री आपल्या बिरादरीतल्या माणसाची. फ्लोरेंतिनो पेरेझ, शिक्षणाने सिव्हिल इंजिनिअर! २००० साली तो रिआल माद्रिदच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभा राहिला. समोर लोरेंझो सान्झ, ज्याच्या काळात क्लबने १९९८ आणि २००० अशी दोनदा चँपियन्स लीग जिंकलेली. अशा माणसाला कोण हरवणार? पेरेझने जाहीर केलं, मला निवडून द्या, मी फिगोला आणतो. नाही आणला तर सभासदांच्या सीझन तिकिटांचे पैसे मी भरतो. ही हवेतली बात नव्हती. फिगोच्या एजंटबरोबर त्याने आधीच करार करून ठेवला होता, आणि तो मोडल्यास जबर दंड होता. स्ट्रक्चर उभं करण्याआधी पाया तपासणारा माणूस तो!

१६ जुलैला पेरेझ जिंकला. २४ जुलैला फिगो माद्रिदची पांढरी जर्सी हातात धरून उभा होता, शेजारी क्लबचा जुना महान खेळाडू आल्फ्रेदो दि स्तेफानो. किंमत १००० कोटी पेसेटा, म्हणजे सहा कोटी युरोंच्या आसपास. तेव्हाचा जागतिक विक्रम.

आता माझा मुद्दा. फिगो गेला म्हणून त्याला गद्दार म्हणणं मला साफ नामंजूर आहे. कारणं सांगतो.

पहिलं, दाराची किल्ली बार्सिलोनानेच दिली होती. स्पेनमध्ये १९८५ च्या कायद्यानुसार व्यावसायिक खेळाडूला भरपाई देऊन करार मोडता येतो. त्यामुळे क्लब करारातच एक आकडा लिहून ठेवतात. तो आकडा कुणी भरला, तर क्लब अडवू शकत नाही. बार्सिलोनाने एवढे पैसे कोण देणार या भरवशावर आकडा लिहिला. कुणीतरी दिले! आपण ज्याला सेफ्टी फॅक्टर म्हणतो, तो कमी धरला की बीम कोसळणारच. त्यात बीमचा काय दोष? आणि क्लबने त्यातून धडा घेतला म्हणावं, तर २०१७ साली नेमार २२.२ कोटी युरोंचा आकडा भरून अगदी याच दारातून पॅरिसला गेला.

दुसरं, न्याय दोघांना सारखा हवा. लुईस एन्रिके १९९६ साली करार संपल्यावर रिआल माद्रिद सोडून थेट बार्सिलोनात आला. म्हणजे हाच रस्ता, उलट दिशेने. त्याला माद्रिदमध्ये शिव्या पडल्या, पण बार्सिलोनाने त्याला डोक्यावर घेतला आणि पुढे कॅप्टन केला. २१ ऑक्टोबर २००० ला फिगो पहिल्यांदा पांढऱ्या जर्सीत कँप नोऊवर आला, तेव्हा बार्सिलोना २-० जिंकली. पहिला गोल कुणाचा? याच लुईस एन्रिकेचा! आपल्याकडे आला तो शहाणा आणि आपल्याकडून गेला तो गद्दार, हे लॉजिक व्हायवाला सांगून बघा, एक्स्टर्नल हाकलून देतील.

तिसरं, तो गेला आणि झोपून राहिला नाही. २००० चा बॅलन डी'ऑर, २००१ चा फिफाचा सर्वोत्तम खेळाडू, माद्रिदसाठी २००१ आणि २००३ ची लीग, २००२ ची चँपियन्स लीग. ज्याचे पैसे घेतले त्याचं काम चोख केलं. उलट बार्सिलोनाने हातात आलेला पैसा घाईघाईत ओव्हरमार्स, पेटी यांच्यावर उधळला आणि पुढची लीग जिंकायला २००५ उजाडलं. त्या पाच-सहा वर्षांच्या दुष्काळाचं खापर एकट्या फिगोवर फोडणं सोयीचं आहे, खरं नाही.

यावर बार्सिलोनाचे भक्त म्हणतील, 'अरे, क्लब म्हणजे कंपनी नव्हे. कंपनीचा प्रोजेक्ट गेला म्हणून गावात कुणी रडत नाही.' हा मुद्दा मला पटतो. मनापासून पटतो. तिकीट काढणाऱ्या माणसाने फिगोशी करार केलेला नसतो, त्याने जीव लावलेला असतो. त्या जीव लावण्याचा रिलीज क्लॉज नसतो.

पण मग हिशोब नीट करू. त्या माणसाचं देणं काय होतं? आयुष्यभर तिथेच खेळणं? नाही. त्याचं देणं होतं खरं बोलणं. आणि फिगो चुकला तो इथे. त्या जुलैमध्ये माद्रिदच्या बातम्या उठल्यावर त्याने बार्सिलोनाच्या पेपरला मुलाखत देऊन आपण राहणार असं सांगितलं. लोक निर्धास्त झाले आणि थोड्याच दिवसांत तो पांढऱ्या जर्सीत दिसला. त्याची बाजूही आहे. क्लब आपल्याला योग्य मान देत नाही असं त्याला वाटत होतं, आणि सान्झ हरेल असं बहुतेकांना वाटत नव्हतं. २०२२ साली या प्रकरणावर डॉक्युमेंटरी आली, त्यात प्रत्येकजण आपापली गोष्ट सांगतो आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. असो. पण १९९५ च्या त्या दोन सह्या आठवा. एकाच वेळी दोन दरवाजे उघडे ठेवायचे आणि दोन्हीकडे 'हो' म्हणायचं, हा जुनाच रोग होता. पहिल्या वेळी त्याची किंमत दोन वर्षांची बंदी होती, दुसऱ्या वेळी डुकराचं मुंडकं.

गंमत म्हणजे तिसऱ्यांदा त्याने क्लब सोडला, तेव्हा कुणाला रागही आला नाही. २००५ साली माद्रिदशी रीतसर बोलून तो इंटर मिलानला गेला. बत्तिशी ओलांडलेला माणूस आता सावकाश पळेल, पेन्शन घ्यायला आला असेल, अशी कुजबुज होती. त्याने चार वर्षांत चार लीग बघितल्या (पहिली युव्हेंटसचं मॅच-फिक्सिंग प्रकरण बाहेर आल्यावर इंटरला मिळाली, तरीही!) आणि २००९ साली मानाने निवृत्त झाला. इटलीत कुणी त्याच्यावर बाटली फेकली नाही. सोडणं तेच, पण लपवाछपवी नाही. फरक एवढाच.

मित्रांनो, आपल्यातले बरेच जण आणखी वर्षभरात पहिल्या कंपनीत जातील आणि त्यातले निम्मे दोन वर्षांत ती सोडतील. जरूर सोडा. गाव सोडताना, ग्रुप सोडताना, प्रोजेक्ट पार्टनर बदलतानाही हेच. जाणाऱ्याला गद्दार म्हणू नका आणि स्वतःलाही म्हणवून घेऊ नका. फक्त ज्याने जीव लावलाय, त्याला 'मी चाललो' हे तुमच्या तोंडून कळू द्या, दुसऱ्या दिवशीच्या पेपरातून नको. सामान भरायला एक दिवस पुरतो. हे एक वाक्य बोलायला मात्र हिंमत लागते, आणि जगातल्या सगळ्यात महागड्या विंगरकडेही त्या जुलैमध्ये ती नव्हती.